गृहकर्जाची नुसती चौकशी

...आणि वर ते बँकेतले सर मलाच म्हणतात कसे, "मॅडम, तुम्ही फार विचारता!" आता तुम्हीच सांगा, वीस वर्षांचं कर्ज घ्यायचं, निम्मं आयुष्य बँकेच्या टेबलावर ठेवायचं, आणि विचारायचं नाही? अहो, मी अर्धा किलो भेंडी घेताना तीन गाड्यांवर विचारते, आणि परत पहिल्या गाडीवर येते! आमच्या आईने लहानपणापासून दोनच गोष्टी शिकवल्या. बाहेरून आलं की पाय धुवायचे, आणि चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय काही घ्यायचं नाही. "नुसतं विचारायला काय जातं?" हे तिचं वाक्य. मी त्या वाक्यावर वाढलेय. त्याच वाक्यावर एम. ए. केलं, समाजशास्त्रात, म्हणजे दोन वर्षं लोकांच्या दारांत उभं राहून प्रश्नावल्या भरून घेतल्या... आणि त्याच वाक्याने माझं घर हातचं जायची वेळ आणली.

थांबा, नीट सांगते. केतन म्हणतो, निशा, तू गोष्ट मधूनच सुरू करतेस आणि मग समोरचा माणूस अर्धा तास नुसता मान हलवत बसतो. केतन म्हणजे माझा नवरा. आम्ही कळंबोलीला भाड्याने राहत होतो, मी, केतन आणि आमची चार वर्षांची रेवा. दर अकरा महिन्यांनी करार संपला की घर बदल! एका मालकाला भाडं वाढवायचं होतं, दुसऱ्याला घर विकायचं होतं, आणि या तिसऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं. ठरू दे हो, आनंद आहे, पण त्याच्या लग्नाला टेम्पो आम्ही का बोलवायचा? आणि एक दिवस रेवाने शाळेत घर काढलं. छान कौलारू, दार, खिडकी, खिडकीत मांजर... आणि खाली चार चाकं. बाई म्हणाल्या, "ही गाडी आहे का गं?" तर म्हणे, "नाही, आमचं घर आहे." त्या रात्री मी केतनला सांगितलं, आता बास. चाकं काढायची.

तर मिळालं हो घर! विचुंब्याला, शशिकलाकाकूंचं. काकू तिथल्याच. बिल्डरने त्यांच्या भातशेतीवर इमारत बांधली आणि बदल्यात त्यांना फ्लॅट दिले, त्यातला एक विकायला काढलेला. काकू घर दाखवायच्या ते शेत दाखवल्यासारखं. "ह्या बग बाय, तुजा हॉल हाय ना, हितं आमचा बांध व्हता. आन् किचन हाय तितं चिंच. गॅस पेटवशील ना, त्या चिंचेखाली आमी भाकऱ्या खायचो." मी विचारलं, "आणि बेडरूममध्ये काय होतं?" काकू हळूच म्हणाल्या, "बैल बांदायचो." केतनने माझ्याकडे बघितलं, मी केतनकडे बघितलं. पण घर आवडलं! ओट्याजवळच्या खिडकीतून डोंगर दिसतो हो...

मग बँक. तिथे सत्यजीत सर. वय असेल सत्तावीस, पण स्क्रीनकडे असे बघतात जसे डॉक्टर एक्स-रेकडे बघतात, काही बोलत नाहीत, नुसतं "हं... हं..." मग एकदम वळून म्हणाले, "सर, तुम्ही फ्रिज घेतला होता का?"

आता मला सांगा, बँकेला आमचा फ्रिज कसा माहीत? मला तर इतकं कुतूहल वाटलं की कर्जाचं विसरलेच! म्हटलं, "हो, लग्नात, हप्त्यांवर. पण तुम्हाला कसं कळलं? रंगही कळतो का?" केतनने माझा पाय दाबला. तर झालं होतं असं, फ्रिजचे हप्ते चालू असताना केतनने नोकरी बदलली, पगार नव्या खात्यात जायला लागला, जुन्या खात्यात खडखडाट, आणि शेवटचे दोन हप्ते परत गेले. आम्हाला पत्ताच नाही! कारण फ्रिजवाल्यांची पत्रं जायची जुन्या घरी, आणि आम्ही नव्या घरी. पत्रं नव्या घरी पोचेपर्यंत आम्ही त्याच्याही पुढच्या घरी. म्हणजे बघा गंमत, स्वतःचं घर नव्हतं म्हणून पत्रं मिळाली नाहीत, पत्रं मिळाली नाहीत म्हणून सिबिल, म्हणजे आपले कर्जफेडीचे गुण हो, ते पडलं, आणि सिबिल पडलं म्हणून स्वतःचं घर मिळत नाही! मी हे सरांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, स्क्रीनवर एवढं सगळं दिसत नाही."

मग म्हणाले, "घाबरू नका. थकलेलं भरा, दंड भरा, फिटल्याचा दाखला आणा. आणि तोपर्यंत..." त्या तोपर्यंतच्या पुढचं मी ऐकलंच नाही, कारण रेवाने त्यांचं पंचिंग मशीन उचलून आमच्या आधारकार्डाला भोक पाडायला घेतलं होतं. आणि केतन? केतन ऐकल्यासारखा चेहरा करून बसला होता. लग्नाला सात वर्षं झाली, मला तो चेहरा ओळखता यायला हवा होता...

आम्ही फ्रिजचे पैसे भरले. दाखला यायला वेळ होता. आणि दुपारी रेवा झोपली की मी आणि मोबाईल! स्क्रीनवर आपलं येतं हो, "तुम्ही गृहकर्जासाठी पात्र आहात का? दोन मिनिटांत जाणून घ्या!" आता दोन मिनिटांत जाणून घेता येत असेल तर जाणून नाही घ्यायचं? मी नुसतं विचारत होते! एकाला विचारलं, त्याने केतनचा पॅन नंबर मागितला, दिला. ओटीपी मागितला, तो केतनच्या फोनवर. मी त्याला फोन करून विचारायची, "ओटीपी आला का?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं कशाचा, दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला की थेट आकडेच सांगायचा! मग दुसऱ्याला विचारलं, म्हटलं बघू तरी हा काय व्याज सांगतो. मग तिसरा, तो म्हणाला महिलांना सवलत, म्हणून माझाही पॅन नंबर टाकला. मग वाटलं, तिघांचं झालं, चौथ्याचा काय दर आहे ते कळायला नको? विचारायला काय जातं?

दाखला आला. मी तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, रेवाला नवा फ्रॉक घातला, पेढे घेतले... पेढे नको होते घ्यायला. सरांनी स्क्रीन बघितली. हं... हं... मग एक नवाच हं आला, लांब. "मॅडम, स्कोअर आणखी खाली गेलाय."

"अहो, फ्रिज फेडला ना!"

"फ्रिजचं ठीक आहे. पण मधल्या काळात तुम्ही कुठे अर्ज केलेत का?"

"छे! अर्ज कशाला... म्हणजे, विचारलं. चार ठिकाणी. पाच. नुसतं विचारलं हो!"

त्यांनी डोळे मिटले. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की मॅडम, आपला स्कोअर आपण बघितला तर काही बिघडत नाही. पण पॅन आणि ओटीपी देऊन एखाद्याकडे कर्ज मागितलं, की तो आपला रिपोर्ट मागवतो आणि त्याची नोंद होते. महिन्याभरात अशा इतक्या नोंदी दिसल्या, की बाकीच्यांना वाटतं, हे लोक पैशांसाठी दारोदार फिरताहेत, यांची काहीतरी अडचण आहे. म्हटलं, "अडचण कसली? मी भाव काढत होते!" त्यावर ते म्हणाले, "स्क्रीनवर भाव काढणं आणि अडचण सारखीच दिसते."

तुम्हाला सांगते, मला रडू यावं की हसू, कळेना. अख्खा जन्म जो गुण म्हणून मिरवला, त्याचे गुण कापले गेले! आणि माझे कापले गेले असते तर चाललं असतं हो, पण केतनचेही! घर गेलं तर ते फ्रिजने नाही, माझ्यामुळे जाणार होतं. सर म्हणाले, "आता सहा महिने कुठेही अर्ज नाही. थोडक्यात, काही विचारूच नका."

मी म्हटलं, "एक विचारू?"

"नको," सर म्हणाले. आणि केतनही म्हणाला. एका सुरात.

आता काकूंना काय सांगायचं? त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं, नेरूळचं, रोख देणारं. मी चार दिवस त्यांचा फोनच घेतला नाही. पाचव्या दिवशी काकू स्वतः कळंबोलीला दारात! हातात पिशवी, पिशवीत करंजा गावच्या बहिणीने दिलेलं सुकट, जिना चढून धाप लागलेली. मी सगळं सांगून टाकलं, फ्रिज, पत्रं, ओटीपी. काकू पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ता ऱ्हाऊदे. मी पन तुजी चौकशी करून आलंय."

मी त्यांच्या हातातला पेला घेतला. म्हटलं, "कुठे?"

"खाली वान्याकडं इचारलं. तो बोल्ला, म्हैन्याच्या म्हैन्याला देते, पन हिशेब तीनदा करायला लावते. दूधवाल्याला इचारलं. तो बोल्ला, बाई चांगली हाय, पन डोका खाते. तुज्या जुन्या मालकिनीला फोन केला, ती पन तेच बोल्ली. सगल्यांचा एकच हाय. म्हंजे खरा आसनार."

म्हणजे बघा! मी पाच ठिकाणी विचारलं तर माझी पत गेली, आणि काकूंनी तीन ठिकाणी विचारलं तर माझी पत आली! पण काकूही काही कमी नाहीत हं. लगेच बोट वर केलं. "सा म्हैने थांबते. भाव तोच. पन तवर तितंच भाड्यानं ऱ्हायचा, आन् भाडं किमतीत धरनार नाय. दिवालीनंतर एक दिस पन थांबनार नाय, तो नेरूलवाला रोज फोन करतो." मी विचारणार होते की भाडं थोडं कमी... केतनने माझ्या तोंडात काकूंनी आणलेल्या पिशवीतला लाडू कोंबला. लाडूही होते, सांगायचं राहिलं.

टेम्पो आला, आम्ही विचुंब्याला आलो, आणि सुरू झाले ते सहा महिने. मी विचारणं सोडलं! केतन म्हणायचा, अगं, कर्जाचं विचारू नकोस एवढंच, बाकी विचार. पण माझा विश्वासच उडाला ना. मला वाटायचं, मी भाजीवाल्याला वांग्याचा भाव विचारला, आणि कुठेतरी, कुठल्यातरी स्क्रीनवर, टिंग... निशाबाईंनी वांगी विचारली, अडचण दिसते! रिक्षावाला सांगेल ते द्यायचे. डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहिल्या, मी तिन्ही घेतल्या, कशाकशाच्या ते आजतागायत माहीत नाही. आईचा फोन आला, तिने विचारलं, चादरी केवढ्याला घेतल्यास? म्हटलं, पहिल्याच दुकानात घेतल्या. आई म्हणाली, राँग नंबर लागला वाटतं.

आणि रेवा... रेवाचं वय म्हणजे "का" चं वय. आई, डोंगर हलत का नाही? आई, माशांना घाम येतो का? आणि मी, माझ्या डोक्यात तेच भूत, मी म्हणून जायची, "रेवा, सारखं विचारायचं नाही!" एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, किती वेळा म्हटलं कोण जाणे. मग एक दिवस तिच्या बाईंनी मला थांबवून घेतलं. "सगळं ठीक आहे ना घरी? रेवा हल्ली काहीच विचारत नाही. मी म्हटलं विचार गं, तर म्हणते, विचारलं की घर मिळत नाही."

...

मी तिला घेऊन घरी आले. ओट्याजवळ, खिडकीपाशी, म्हणजे त्या चिंचेखालीच म्हणा, तिला वर बसवलं आणि म्हटलं, "विचार. काय पाहिजे ते विचार. गुण माझे जाऊ देत." तिने माझ्याकडे बघून खरंच चालतं का याचा अंदाज घेतला. मग म्हणाली, "माशांना घाम येतो का?" तेच! इतके दिवस जपून ठेवलेलं! मी म्हटलं, मला माहीत नाही, आपण शशिकलाआजीला विचारू. आणि विचारलं हो. काकू म्हणाल्या, "येत आसल तरी कलनार कसा? पान्यातच ऱ्हातात."

तर, सहा महिने झाले. दिवाळी चार दिवसांवर. आम्ही तिघं सत्यजीत सरांसमोर. हं... हं... आणि मग ते हसले! स्कोअर वर आला होता, फार नाही, पण उंबरा ओलांडण्याइतका. व्याज पाव टक्का जास्त लागलं, म्हटलं लागू दे, मी विचारलंसुद्धा नाही का ते. सह्यांचा हा एवढा गठ्ठा पुढे आला. सर म्हणाले, "मॅडम, काही विचारायचंय?" केतनचा पाय आधीच माझ्या पायावर. मी म्हटलं, "नाही."

तर मांडीवरून रेवा, "मला विचारायचंय. आता घर आमचं?"

सर म्हणाले, "हो बेटा. वीस वर्षांनी पूर्ण तुमचं."

"मग आत्ता कुणाचं?"

सरांनी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर ते काही दिसत नव्हतं वाटतं. मग आमच्याकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सही इथे करा."

केली. झालं घर! रेवाने परवा चित्र काढलं, चाकं नाहीत, खिडकीत मांजर आहे, आणि आत एक बैल आहे. सगळं कसं छान, शांत... आणि काल दुपारी फोन. गोड आवाज. "निशा मॅमशी बोलतोय का? मॅम, तुम्ही आमच्याकडे होम लोनची चौकशी केली होती. लोन हवंय का?" मी म्हटलं, नको, मिळालं. तर म्हणे, "मग ते आमच्याकडे ट्रान्सफर करणार का? रेट कमी आहे मॅम. नुसतं विचारायला काय जातं?"

अगदी हेच शब्द! आईचे! मी फोन ठेवणार होते हो. खरंच ठेवणार होते. केतनची शप्पथ... पण कमी म्हणजे किती, हे कळायला नको?

आता काल संध्याकाळपासून केतन माझ्याशी बोलत नाहीये, आणि मला विचारवतही नाही, की ओटीपी आला का.