मधला प्रोसेसर

आई: ...आणि तुझा तो कपाटावर धूळ खात पडलेला डबा मला नकोय, हे मी घरीच सांगितलं होतं. दुकानात येऊन पुन्हा तेच तुणतुणं लावू नकोस.

मुलगा: डबा काय म्हणतेस आई! त्या काळातला सगळ्यात भारी प्रोसेसर आहे त्यात. मॅडम, तुम्हीच समजवा हिला. फुकटात मिळतोय आणि ही नवा कॉम्प्युटर जोडून घ्यायला निघालीये.

दुकानदारीण: केव्हा घेतलेला?

मुलगा: मी कॉलेजात होतो तेव्हा.

आई: आता त्याचं टक्कल बघा, म्हणजे अंदाज येईल.

मुलगा: आई!

दुकानदारीण: काकू, तुम्हाला कॉम्प्युटरवर करायचंय काय?

आई: मी शिवण शिकवते. कापताना, शिवताना व्हिडिओ काढायचे, नको तो भाग छाटायचा, उरलेलं जोडायचं. ह्याच्या डब्यावर बाहीचा एक धडा जोडायला घेतला की तो घरघर घरघर करतो आणि शेवटी मान टाकतो. मग मी पुन्हा पहिल्यापासून.

मुलगा: पण तू करतेस किती? आठवड्याला एक धडा.

आई: कारण तेवढाच होतो! बायका पुढचा धडा कधी, पुढचा धडा कधी म्हणून विचारतात. दोघी तर कंटाळून दुसरीकडे गेल्या.

दुकानदारीण: तेव्हाचा भारी म्हणजे आजचा भारी नव्हे, दादा. आत्ताचा हा मधल्या किमतीचा प्रोसेसरही त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त काम करतो आणि वीजही कमी खातो.

आई: ऐकलंस? आणि हा खालचा? हा तर आणखी स्वस्त दिसतोय.

दुकानदारीण: तो नका घेऊ. पडद्यावर चित्र दाखवायची सोयच नाही त्याच्यात. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल, नाहीतर पडदा काळाच.

आई: म्हणजे कापड स्वस्त आणि शिलाई महाग.

दुकानदारीण: अगदी. या मधल्यात ती सोय आहे.

मुलगा: अगं, पण असलेला सोडून कशाला? तो काही मोडलेला नाहीये.

आई: बरं. तू मला एक सांग. आपल्या घरात नवी कोरी म्हणून माझ्या वाट्याला कुठली वस्तू आली? तुझ्या बाबांनी फोन घेतला की त्यांचा जुना मला. ताईनं घड्याळ बदललं की जुनं मला. तुला बूट घट्ट व्हायला लागले, तेही मीच घालून फिरले.

मुलगा: तूच म्हणायचीस ना, मला चालतं म्हणून.

आई: म्हणायचे. आता नाही चालत.

(मुलगा खिशातून पाकीट काढतो.)

मुलगा: मॅडम, तो वरचा काढा. काचेतला, सगळ्यात महाग. पैसे मी देतो.

आई: काही नको.

मुलगा: आता काय झालं?

आई: कालपर्यंत तुझं उतरलेलं मला पुरत होतं, आज एकदम महाराणी? उतरलेलं नाहीतर मिरवायचं, या दोन्हीच्या मध्ये माझ्यासाठी काही नाहीच का रे?

दुकानदारीण: काकूंच्या कामाला वरचा लागणारच नाही, दादा. अर्धी ताकद नुसती बसून राहील.

आई: ढगळ कपडा मी गिऱ्हाइकाला देत नाही, तर स्वतःला कशाला शिवू? मला माझ्या मापाचा हवाय. आणि पैसे माझ्या शिकवणीचे आहेत. पाकीट आत ठेव.

मुलगा: बाबा म्हणतील, या वयात हे काय नवीन.

आई: म्हणू देत. त्यांचं ऐकत ऐकतच या वयाला आले.

दुकानदारीण: मग मधला पक्का? तो गार ठेवणारा पंखा त्याच्यासोबतच येतो. पुढे काम वाढलं तर कॉम्प्युटरच्या याच मदरबोर्डावर मोठा प्रोसेसर बसवता येईल.

आई: वाढणारच आहे काम. बांधा.

मुलगा: मग मी माझ्या जुन्याचं काय करू?

आई: तुझ्या बाबांना दे. बातम्या वाचायला पुरेल.

मुलगा: ते घेतील?

आई: मला कधी कुणी विचारलं होतं?