वरच्या मजल्याचं गरम पाणी

…आणि तेही बर्फासारखं! तुम्हाला सांगतो, थोरल्यांनी रोज सकाळी नळ सोडायचा, धारेखाली बोट धरून उभं राहायचं, एक बादली वाया, दुसरी वाया, गरम पाण्याचा पत्ता नाही… कारण गीझर तळमजल्यावर, धाकट्या भावाच्या घरात, आणि थोरले वर! मग प्लंबर म्हणाला, ‘काका, छोटा पंप लावू. पाइपात गार झालेलं पाणी दुसऱ्या पाइपाने परत गीझरात. नळ सोडला की गरम. पाणी फिरतं राहिलं पाहिजे!’

पण परतीचा पाइप जाणार कुठून? धाकट्याच्या बाथरूममधून. आणि या दोघांचं बोलणं तर आईच्या कपाटावरून बंद झालेलं… जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघत निघून जायचे. शेवटी प्लंबरच निरोप घेऊन खाली गेला आणि उत्तर घेऊन वर आला, ‘पाइप जाऊ दे म्हणतात. माणूस यायचा नाही.’

बसला पंप. पण परतीच्या पाइपाचा व्हॉल्व्ह कुठे? धाकट्याच्या हाताशी. वर कुणी खुर्ची जोरात ओढली की खाली व्हॉल्व्ह बंद! डोक्याला साबण लावून थोरले कुडकुडतायत… पाणी फिरतं राहिलं पाहिजे म्हणे, डोंबल!

त्या सकाळी पुन्हा गार. आज सोक्षमोक्षच लावतो म्हणत थोरले तसेच, कानात फेस, कमरेला टॉवेल, जिना उतरले. दार वाजवलं. उत्तर नाही, आत नुसता पाण्याचा आवाज. खांद्याने दार पाडलं. धाकटा बाथरूममध्ये आडवा, नळ धो धो चालू, सगळं गरम पाणी वाहून गेलेलं… व्हॉल्व्हला त्याने हातही लावला नव्हता हो.

जीव वाचला. अर्धांगाने उजवी बाजू गेली, वाचाही. बायको-मुलं नाहीत, करणार कोण? थोरलेच. रोज उचलून स्टुलावर बसवायचं, आंघोळ घालायची. पाणी फिरतंय, दोघं गप्प.

आणि परवा, उजव्या खांद्यावर तांब्या ओतताना, धाकट्याला शब्द फुटला. इतक्या वर्षांनी पहिला. काय म्हणाला असेल?

‘गार आहे.’

पाण्याच्या वाफा येत होत्या. थोरल्यांनी तांब्यात बोट घातलं, चटकन काढलं… आणि त्यांच्या लक्षात आलं, त्या बाजूला ऊन-गार कळतच नाही. म्हणाले,

‘बरं. प्लंबरला सांगतो.’