मूल हलणार नाही

...नाही नाही, तुम्ही जा वर, मी सरकतो, बॅग घेतो मांडीवर, या, या इकडून! बघितलंत? जिन्यातून जाणारा प्रत्येक माणूस मला हेच विचारतो, 'काय हो, किल्ली नाही वाटतं?' आणि असा काही दयेने बघतो, जसं काही मला घरदार नाही! अहो, दोन घरं आहेत माझी, दोन! तुम्हाला सांगतो, लग्न होतं तेव्हा आम्हा दोघांचं मिळून एक घर होतं, ते एकत्र सांभाळता येईना म्हणून आम्ही वेगळे झालो, आणि वेगळे झाल्यावर आता आमची दोघांची मिळून दोन घरं आहेत! कुणी केलं हे? वकिलांनी! आणि मी स्वतःच्या पायाने चालत गेलो होतो हो त्यांच्याकडे...

भांडायला गेलो होतो. सगळे म्हणत होते, मुलीचा ताबा हवा असेल तर कडक वकील बघ. मित्राने एक बाई सुचवल्या, म्हणाला, 'वाघीण आहे, वाघीण!' मी खूश. गेलो, बसलो आणि सुरूच झालो, ही अशी, ही तशी, हिचा भाऊ तर विचारूच नका, हिने आजवर एका खोलीतला दिवा बंद केला असेल तर नाव बदलीन... वाघीण आपली ऐकतेय आणि पेन्सिलीला टोक काढतेय. मला धाप लागली तेव्हा बालवाडीतल्या बाईंसारख्या आवाजात म्हणते, 'झालं? आता मुलीबद्दल सांगा.' म्हटलं, 'अहो, इतका वेळ काय सांगतोय मग?' 'नाही, मुलगी अजून आलीच नाही यात. ती झोपते कुठे? शाळेत कोण सोडतं? घाबरली की कुणाला हाक मारते?'

आता काय सांगायचं? अंधाराला घाबरली की आईला हाक मारते आणि झुरळ दिसलं की मला. सांगितलं तसं. वाघिणीने गंभीर चेहऱ्याने लिहून घेतलं.

मुलगी आमची आठ वर्षांची, पण घरात तिला मुकादम म्हणतात. 'बाबा, गॅस बंद केलास? आई, कडी लावलीस? आजोबांना फोन केला का कुणी?' सगळ्यांना कामाला लावून स्वतः मधोमध उभी. ही मुकादम मला हवी होती, बस्स. बाकी भांडीकुंडी, पडदे, सगळं घेऊन जा म्हटलं. आणि आमची ही... आमची म्हणजे आता आमची नाही, पण सवय जात नाही जिभेची... तिलाही नेमकी मुकादमच हवी होती!

मग ठरलं, निकाल लागेपर्यंत एक आठवडा आईकडे, एक आठवडा माझ्याकडे. मी जवळच एक खोली घेतली. आली मुकादम बॅग घेऊन. एक बूट इकडे, एक तिकडे, गणिताचं पुस्तक तर कायम त्या घरी जिथे ती नाही! आणि ती बॅग ती उघडायचीच नाही हो. लागेल तेवढी वस्तू काढायची, पुन्हा आत ठेवायची, चेन बंद. म्हटलं, 'अगं, कपाटात लाव की कपडे.' तर म्हणाली, 'कशाला? परत भरायचेच आहेत.' ओरडली नाही, रडली नाही. सगळ्या जगाला हुकूम सोडणारी पोरगी खोलीच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसायला लागली.

हे मी मूर्खासारखं वाघिणीला सांगितलं. आणि तिकडे आमच्या हिनेही तिच्या वकिलांना हेच सांगितलं, म्हणे! तिचे वकील म्हणजे एक सदा सर्दी झालेले गृहस्थ. मला वाटलं, आता दोघांची जुंपणार, मी पुढे सरसावून बसलो... कसलं काय! वाघीण म्हणाली, 'मूल हलणार नाही. आईबाप हलतील.' आणि सर्दीवाले रुमाल काढून म्हणतात, 'बी पूर्ण सहबत आहे. बूल हलणार दाही!' संपलं! अहो, तुम्ही वकील ना? भांडा की जरा! पैसे कशाचे घेता?

म्हणजे काय, तर मुकादम तिच्या घरात, तिच्या पलंगावर, तिच्या कपाटासकट कायमची. एक आठवडा तिथे आई राहील, एक आठवडा बाप राहील. ज्याची पाळी नाही तो बाहेर, म्हणजे माझ्या त्या खोलीत. मी म्हटलं, 'आणि ही कुठे जाईल तिच्या सुट्टीच्या आठवड्यात?' वाघीण म्हणाली, 'तुम्ही तेव्हा घरी असाल ना? मग खोली रिकामीच की. आणखी एक परवडणार आहे का?' नाही परवडणार! केली सही! माणूस सही करताना कधी पुढचा विचार करतो का हो? लग्नातही मी असाच सही करून मोकळा झालो होतो!

आता ऐका माझे भोग. मी खोलीवर जातो, तर उशीला हिच्या तेलाचा वास. घरी येतो, तर माझा चहाचा डबा हिने पार वरच्या फळीवर सरकवलेला. ओला टॉवेल! पलंगावर! आठवडाभर जी बाई माझ्या डोळ्यांसमोर नाही, तिचा ओला टॉवेल माझी वाट बघत पडलेला! माझी तळपायाची आग मस्तकात. लावला वाघिणीला फोन. 'वकीलबाई, टॉवेल!' तर म्हणते, 'ही तक्रार लग्नातली आहे की घटस्फोटातली?' मी विचार केला... लग्नातलीच होती. 'लग्नातल्या मी घेत नाही. मुलगी कशी आहे?' बरी आहे म्हटलं. 'मग मूल हललं नाही ना? छान.' ठेवला फोन!

तरी मी परवा ठरवलंच. बास झालं. वाघिणीची वेळ घेतली, उद्याची. सांगणार होतो, मोडा ही व्यवस्था, काय लढायचं ते कोर्टात लढू, होऊ दे एकदाचा निकाल. आणि काल मुकादमला ताप भरला.

पाळी माझी. पण लेकरू तापलेलं, आईला कळवायला नको? वकिलांनी लिहूनच दिलंय, आजारपण लपवायचं नाही. फोन केला तर दहा मिनिटांत ही दारात, चपला उलट्यासुलट्या. मी पट्ट्या ठेवतोय, ही औषध पाजतेय, चक्क भांडण नाही. मी थर्मामीटर शोधायला कपाट उघडलं, तर खाली मुकादमची ती बॅग. सताड उघडी. आत जुनी ओढणी अंथरलेली आणि तिच्यावर तिची बाहुली झोपलेली. म्हटलं, 'मुकादम, बॅगेत काय हे?' तापातच म्हणाली, 'मला आता लागत नाही ना ती.'

मी तिथेच कपाटात डोकं घालून थोडा वेळ उभा राहिलो. थर्मामीटर सापडत नाही असं सांगितलं. मग गॅलरीत जाऊन वाघिणीची उद्याची वेळ रद्द केली. काय करणार? अडकलो ना मी! जन्माचा अडकलो!

आज दुपारी ताप उतरला. मुकादमने दोन घास खाल्ले, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून हसून वगैरे घेतलं. आणि मी पलंगावर टेकलो... कशावर टेकलो असेन, सांगा? टॉवेल! ओला! मी म्हटलं, 'काही माणसं...' ही म्हणाली, 'काही माणसं काय? स्पष्ट बोल!' मग काय, दहा वर्षांचं सगळं बाहेर. तिचा भाऊसुद्धा आला त्यात. आणि एवढ्यात पलंगावरून आवाज, 'रविवार आहे ना आज? आता पाळी कुणाची?' ही म्हणाली, 'माझी.' 'मग बाबा, तू जा. आई, टॉवेल उचल.' मी म्हटलं, 'अगं, तू आजारी...' तर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून म्हणते, 'मी हलणार नाही. तुम्ही हला.'

बॅग भरायलाही तिनेच लावली. चार्जर घेतलास? चष्मा घेतलास? आलो बाहेर, कडी लागली. खाली दारापर्यंत गेलो आणि आठवलं, खोलीची किल्ली! घरमालकीण म्हणते एका खोलीला एकच किल्ली, ती दर रविवारी आम्ही दारात एकमेकांच्या हातात देतो, आणि ही काल तापाच्या घाईत पर्समध्ये टाकून आत आली. फोन करतोय, हिने आवाज बंद ठेवलाय. आणि बेल? वाजवू? कालपासून आत्ता कुठे डोळा लागला असेल हो पोरीचा...

आणि मघाशी वाघिणीचाच फोन आला. म्हणते, 'उद्याची वेळ रद्द केलीत, सगळं ठीक ना?' म्हटलं, उत्तम. मूल हललेलं नाही. आणि ते उठेपर्यंत, वकीलबाई, मीही या पायरीवरून हलत नाही.