पंपाला घातलेलं तेल

(द्वारका चौकाजवळचं पंपदुरुस्तीचं दुकान. दुपारचे बारा.)

रहेमानचाचा : …आणि गालिचा धुतल्यावर काय निघालं माहितीये? हरीण! वीस वर्षं घरातली माणसं त्याला गाढव समजत होती!

चैताली : चाचा, गोष्ट झकास आहे, पण माझं गालिचे धुवायचं मशीन…

रहेमानचाचा : अगं, ऐक तर. एकलहऱ्याचे एक साहेब होते. रडले बिचारे. म्हणाले, गाढव समजून रोज पाय पुसले हो हरणावर! आणि तो गालिचा धुतला त्या मशीनचा पंप कुणी दुरुस्त केला होता? या माझ्या सुनेनं.

सितारा : अब्बा, परवा सांगितलंत तेव्हा मोर निघाला होता.

रहेमानचाचा : तो दुसरा गालिचा.

सितारा : ताई, तुम्ही बोला. मोटर फिरते पण पाणी येत नाही, असंच ना?

चैताली : नुसती गुरगुरते हो. फवारा सोडला की थुंकल्यासारखे दोन थेंब. आणि मला तीनपर्यंत पिंपळगावला पोचायचंय. मोठ्या हॉलचा अख्खा गालिचा धुवायचाय. उद्या सकाळी तिथं द्राक्षवाल्यांचे परदेशी पाहुणे येतायत. दोन वर्षं लोकांचे सोफे धुतले, हे पहिलं मोठं काम मिळालंय. नीट झालं तर दर महिन्याला मीच. नाही पोचले, तर त्यांच्याकडे दुसरे तयार आहेत.

सितारा : नवा पंप नाही बघितला?

चैताली : विकणारा म्हणतो, चार दिवस लागतील.

सितारा : चालू करा बरं… बस, बंद करा.

रहेमानचाचा : पाहिलंस? कान लावला! या कानाचं सांगतो. गेल्या साली आमचा टेम्पो द्वारकेच्या कोंडीत अडकला. मागे बिघडलेला पंप. हिनं तिथंच खोलला, धुतला, बसवला, चालवून बघितला. तरी टेम्पो जागचा हलला नव्हता.

चैताली : द्वारकेची कोंडी म्हटल्यावर यात काहीच खोटं वाटत नाही.

रहेमानचाचा : मग उगाच सांगितलं.

सितारा : परत चालू करा आणि पाणी ओढायच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा, ताई. ओढतोय का?

चैताली : अं… नाही.

सितारा : म्हणजे आतले व्हॉल्व्ह बसत नाहीयेत. मोटर ठणठणीत आहे. अब्बा, चार नंबरचा पाना द्या. तुमच्या पायाखाली आहे.

रहेमानचाचा : बघितलंस? न बघता सांगते!

सितारा : हं. हे बघा. हा तुमच्या व्हॉल्व्हचा रबर आणि हा नवा. तुमचा कसा फुगलाय, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. आता वास घ्या.

चैताली : तेल? हा तर शिलाई मशीनच्या तेलाचा वास!

सितारा : पंपात कुणी घातलं?

चैताली : आमच्या सासूबाईंनी! दुसरं कोण? मंगलाबाई टेलर, तीस वर्षं ब्लाउज शिवले. दर शनिवारी मशीनला तेल घातल्याशिवाय जेवत नाहीत. म्हणजे माझ्या पंपाच्या तोंडातही… अरे देवा! आज घरी गेल्यावर सांगतेच, माझ्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून!

सितारा : या रबराला तेल चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

चैताली : सांगायला कशाला हवं? पाण्याचा पंप आहे तो!

सितारा : अब्बा, सांगा ना तुमचं.

रहेमानचाचा : कोणतं? विहिरीतल्या मगरीचं?

सितारा : खरं असलेलं.

रहेमानचाचा : …बरं. पोरी, मी पस्तीस वर्षं पिंपळगावकडं शेतीचे पंप दुरुस्त केले. हातात कायम ग्रीसचा डबा. मग हे गालिच्याचे छोटे पंप यायला लागले. पहिल्याच पंपाला मी मायेनं तेल पाजलं. आठवड्यात परत आला. परत पाजलं. तीनदा! गिऱ्हाईक म्हणालं, चाचा आता म्हातारे झाले.

चैताली : मग?

रहेमानचाचा : हिचं लग्न होऊन सहा महिने झालेले. एका वाटीत तेल, एका वाटीत पाणी, दोन्हीत एकेक नवा रबर टाकला आणि आठ दिवसांनी दोन्ही माझ्या चहाच्या बशीत शेजारी शेजारी ठेवले. मी बघितलं, चहा प्यायलो आणि तिला म्हणालो, उद्यापासून दुरुस्तीला तू बस. मी गोष्टी सांगीन. यात एक शब्द वाढवलेला नाही, हां.

सितारा : चहा सांडला होता तुमचा.

रहेमानचाचा : थोडा.

सितारा : ताई, टाकी आणि नळ्या साबणानं धुवून तेल काढलं. नवे रबर बसवले. आता त्या गोणपाटावर सोडा.

चैताली : आई गं! केवढा फवारा!

रहेमानचाचा : सांभाळून! समोरच्या चहावाल्याच्या पाटीवरची नावं निघतील!

सितारा : अजून एक. या जाळीत बघा. हे पांढरं दिसतंय ते तेल नाही, वाळलेला साबण आहे. काम झाल्यावर साधं पाणी सोडत नाही ना तुम्ही?

चैताली : …घरी येईपर्यंत जीव जातो हो. राहून जातं.

सितारा : तेलानं आज बंद पडला. साबणानं पुढच्या महिन्यात पडलाच असता. रोज बादलीभर साधं पाणी मशीनला ओढू द्यायचं, फेस यायचा थांबेपर्यंत. जाळी धुवायची. दहा मिनिटांचं काम, पण एकही दिवस न चुकवणारं माणूस पाहिजे.

चैताली : न चुकवणारं…

रहेमानचाचा : घरी आहे का असं कुणी?

चैताली : थांबा, एक फोन करते. हॅलो, आई… हो, झालं चालू, आता निघतेच. जेवलात का?… ऐका ना, मी आल्यावर तुम्हाला या मशीनचं एक काम शिकवणार आहे. रोज तुम्हीच करायचं… नाही नाही, तेलाची बाटली राहू द्या. बादलीभर पाणी काढून ठेवा.