आत एकटीनंच

(शिरवण्यातला छोटा दवाखाना. काउंटरवर दिनानाथ, दवाखाना त्यांच्या दिवंगत पत्नीचा, डॉक्टर जयमालांचा. आता तिथं डॉक्टर वैदेही बसतात. बाकावर उन्नती; तिचा मित्र कुंदन बाहेर बाइक लावतोय.)

उन्नती: डॉक्टरबाई गेल्याचा फोन तुम्हाला आला ना काका, तेव्हा मी याच बाकावर होते.

दिनानाथ: मला कोणीच आठवत नाही गं. पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता, एवढंच. अजून दुपारी तसंच होतं. वाटतं, ती आतून म्हणेल, पुढचा पेशंट पाठवा.

कुंदन: काका, बाइक लावून आलो. हिचा हात बघायचाय. बाथरूममध्ये पडली.

दिनानाथ: तिला सांगू दे की.

कुंदन: तिला काय सांगता येत नाय. मी येतो आत.

दिनानाथ: आत एकटीनंच जायचं. वजन करतात.

कुंदन: हाताला लागलंय, वजन कशाला?

दिनानाथ: आमच्या बाईंचा नियम. आईबापसुद्धा बाहेर थांबतात. तू बस. जा गं उन्नती.

वैदेही: काट्यावर नको चढूस, ते निमित्त असतं. हात दाखव. मी सगळ्याच मुलींना विचारते, तुलाही विचारते. कोणी पिरगळला का?

उन्नती: तो वाईट नाहीये, मॅडम.

वैदेही: बरं.

उन्नती: मी मोबाइल दिला नाही बघायला, म्हणून.

वैदेही: तरी चूक तुझी नाही. आधी कोणाला बोललीस?

उन्नती: जयमालाबाईंनी दोनदा विचारलं होतं. मी टाळलं. मग सांगायचं ठरवून एकटीच आले, आणि काकांना तो फोन आला.

वैदेही: असं नेहमी होतं?

उन्नती: झालं की दोन दिवस फार छान वागतो. खाडीवर फ्लेमिंगो बघायला नेतो. सगळं गुलाबी, लांबवर. हाच हात धरून बसतो. मला वाटतं, आधीचं झालंच नव्हतं.

वैदेही: आज त्याच्याबरोबर जायचंय?

उन्नती: नाही. आईला फोन तर नाही ना करणार?

वैदेही: तुला न सांगता नाही. तू सतराची आहेस. काही गोष्टी मला कायद्यानं कळवाव्या लागतात. तशी वेळ आली तर आधी तुला सांगेन. जवळचं कोण आहे?

उन्नती: मावशी. करंजाड्याला.

वैदेही: काकांच्या फोनवरून लाव, तुझा फोन तो बघतो. आणि त्याला काय सांगू? तुला त्रास होणार नाही असं सांग.

उन्नती: एक्स-रेला पाठवताय म्हणा. हॉस्पिटलच्या वासानं त्याला मळमळतं, तिथं येणार नाही.

वैदेही: एक्स-रे काढायचाच आहे.

दिनानाथ: गेला तो. म्हणाला, संध्याकाळी फोन करतो. तू आतच बस, बाईंच्या खुर्चीवर बसलीस तरी चालेल. मावशी काय म्हणाल्या?

उन्नती: निघाल्यात. हात दुखतोय एवढंच सांगितलंय. कोणी केलं ते अजून सांगितलं नाही.