मशीनची पाठ

ठाण्याच्या दवाखान्यात उत्तराबाईंचा नंबर काही लागत नव्हता, तेव्हा त्यांचे कान शेजारच्या बाकाकडे गेले. तापानं फणफणलेली लेक मांडीवर घेऊन तुळसा मैत्रिणीला, सगुणेला, सांगत होती.

“कोलशेतच्या सायबानं विलायती मशीन बसवलंय गो, खोली गार करणारं. या उन्हात तेच धापा टाकतं. दुपारभर त्याच्या पाठीवर ओल्या गोणपाटाची सावली धरायचं काम मला दिलंय.”

“गार मशीनची पाठ तापते कशी?”

“सायबाच्या बाई म्हणतात, आतला उकाडा ते बाहेर फेकतं.”

“बाहेर म्हंजे कुठं?”

“बंगल्याच्या मागं, भिंतीला लागून असलेल्या आमच्या खोपटात. हिचा पाळणा हाय तिथंच.”

“अगो बाय!”

“काल डॉक्टर बोलले, हिला गार जागी निजव. भिजवलं तर मशीन जोरात चालून उकाडा हिच्यावर फेकतं, नाही भिजवलं तर काम जातं. आता मला कळतच नाही, गोणपाट भिजवू का नको?”