भूमिकाच्या विभक्त्या

बसा न जी, विक्कीचे बाबा, सून पाहाले आले अन् उभेच काहून? येतेच भूमिका — तयार होऊन राहिली. हेही येतीन आता, पोह्यावर घ्याले झणझणीत रस्सा, तर्री आणाले गेले. घ्या न पोहे. — काय म्हणता? जर्मन? नाही जी, सोडलं तिनं ते खूळ! नर्सिंग झालं, अन् कोणीतरी डोक्यात घातलं, जर्मनची परीक्षा पास हो, तिकडच्या दवाखान्यात नोकरी लागते — झालं! आता लग्नच कराचं म्हणते. मी तर सुटली बावा. घरभर नुसतं देअर, देन, देम, देस! — म्हणजे का? अहो, विभक्ती! आपल्याले नव्हती का शाळेत, प्रथमा-द्वितीया, मास्तर कान पिळे? तसंच. माणसानं काही केलं तर 'देअर', त्याले कोणी हाणलं तर 'देन', त्याले चहा देला तर 'देम', अन् त्याचं घर म्हणाचं असलं तर 'देस' — एका माणसाचे इतके नखरे! लॅटिनमधी तर याच्याहून जास्त म्हणे. अन् बाई पाहा — तिनं हाणलं तरी 'दी', तिले हाणलं तरी 'दी'. पण घर बाईचं म्हणा, की लगेच पुरुषाचंच 'देअर' चढते तिच्यावर! इतकी हासली मी — म्हटलं, पोरी, हे तर आपल्या गावच्या, खाप्याच्या घरासारखंच झालं, वावराचा सातबारा सासूच्या नावावर अन् बोलणार सासरा!

मले कसं येते? — आता पोळ्या लाटता लाटता पाठ घ्यावं लागे न जी तिचं. चुकली की लाटणं आपटो मी ओट्यावर. आज सकाळी स्टेशनावर गाडी हालली, तरी खिडकीतून 'देन' का 'देम' विचारूनच राहिली होती —

— काय म्हणता? कोणतं स्टेशन?

हाव. गेली. पुण्याले. उद्या परीक्षा हाय तिची. निघून गेलं पाहा माझ्याच तोंडातून! ह्यायले सांगतलं, पार्लरमधी गेली. मीच बसवली गाडीत. पास झाली तर जाईन ते जर्मनीले — मी रडीन, घर खायले उठीन मले, पण जाऊ देईन. नापास झाली तर पुन्हा बसवीन. — काय? तुम्ही लग्नानंतर शिकू द्याल? वा जी वा! म्हणजे देणारे तुम्ही, अन् माझ्या पोरीनं हात पसराचा?

फाटक वाजलं. हे आले. उठा जी तुम्ही — आता इथं जे होईन, ते पाहुण्यायनं पाहाचं नसते.